उदयनगरची वाट

गेल्या फेब्रुवारीच्या अखेरीस आम्हांस इंदूरास जाण्याचा योग आला. योग आला असे रीतीने म्हणावयाचे. खरे म्हणजे आम्हांस तिकडे पाठविण्यात आले होते. खानापूर तालुक्यातील आमच्या धर्मग्रामाचा एक शेतकरी रविवारची मिस्सा आटोपल्यावर व्हरांड्यात थांबून राहिला. माणसे पांगल्यावर तो जवळ आला आणि खाली पाहत म्हणाला, “फादर, तुम्ही एकदा इंदूरला जाऊन या. गाडीभाडं मी देतो. पोरीला समजावून घरी आणा.”

त्याची मुलगी इंदूरास मावशीकडे राहून समाजकार्याचे शिक्षण घेत होती. परीक्षा दोन-तीन महिन्यांवर आली होती. परीक्षेनंतर तिने बँकेच्या नोकरीसाठी अर्ज करावा ही बापाची आशा. मुलीने मात्र घरी लिहिले, की आदिवासी पाड्यांतून काम करणारी एक संस्था आपणांस घेण्यास तयार आहे आणि आपले मनही तिकडेच आहे. तेवढ्यावर भागले नाही. दिवाळीत मावशीने घरी पाठविलेल्या प्रार्थनापुस्तकात एका धर्मभगिनीचे चित्र होते. चित्राच्या मागे तिची हकीकत होती आणि तिला त्याच मुलखात ठार करण्यात आले असे लिहिले होते. आईने ते वाचले, आणि तेव्हापासून तिची झोप उडाली.

“पोटाला चिमटा घेऊन शिकवली फादर, ती जंगलात जाऊन मरायला काय?” बाप म्हणाला. आम्हांस उत्तर सुचले नाही. गाडीभाडे आम्ही घेतले नाही, परंतु निरोप घेतला. मनातून आम्ही बापाच्याच बाजूचे होतो, हे येथे कबूल केले पाहिजे.

बेळगावहून पुणे आणि पुण्यास गाडी बदलून इंदूर, असा हा लांबचा प्रवास. सकाळी जाग आली तेव्हा गाडी माळव्यात शिरली होती. दोन्ही बाजूंस पिवळा पडू लागलेला गहू, हरभऱ्याची काढणी आणि मध्येच नांगरून टाकलेली काळीभोर जमीन. ती माती पाहून आम्हांस बेळगावच्या पूर्वेकडील रानांची आठवण झाली. इंदूर तर मराठी माणसास परके वाटतच नाही. होळकरांच्या मागोमाग आलेली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहिली आहेत. राजवाड्याच्या सात मजली इमारतीखालून जाताना गर्दीतून मराठी शब्द कानी पडतात. मावशीच्या घरी सकाळी पोहे आणि जिलबी एकाच बशीत आली, आणि रात्री आपल्याकडची आमटी.

मुलीने आमचे येणे ओळखले होते. “फादर, बाबांनी आपल्याला पाठवलं ना?” एवढेच तिने विचारले आणि एक कागद आमच्यापुढे ठेवला. शेवटच्या सत्राच्या फीसाठी तिने एका शिष्यवृत्तीचा अर्ज आणला होता. त्यात तीन प्रश्न होते: तुमचे ध्येय काय, तुम्ही समाजाची कोणती सेवा केली आहे, आणि तुमची जीवनमूल्ये कोणती. तिने तीन पाने भरून लिहिले होते. दीनदुबळ्यांचे अश्रू पुसणे, अंधारात दीप लावणे, तनमनधन अर्पण करणे असे सारे त्यात होते. आम्ही दोन-चार ठिकाणी शुद्धलेखन सुधारले आणि लेख चांगला झाला आहे असे म्हणालो. असे लेख आम्हीही सेमिनरीत पुष्कळ लिहिले होते.

“चांगला असेल फादर, पण खरा नाही,” ती म्हणाली आणि तिने आपली एक चूक सांगितली.

समाजकार्याच्या विद्यार्थ्यांस वर्गातल्या शिक्षणाबरोबर आठवड्यातून दोन दिवस वस्तीत जाऊन काम करावे लागते. जे पाहिले, जे केले त्याची नोंद लिहून शिक्षकांस दाखवावी लागते. पहिल्या वर्षी तिच्याकडे इंदूरातील एक झोपडवस्ती होती. तेथे एका घरात मूल तापाने फणफणलेले पाहून तिने आपल्या खर्चाच्या पैशांतून औषध आणून दिले. पुढच्या आठवड्यात पाच-सहा घरे तिची वाट पाहत उभी होती, आणि ते पहिले घर सरकारी दवाखान्याची वाट विसरले होते. तिने नोंदवहीत मोठ्या समाधानाने सर्व लिहिले. शिक्षिकेने खाली एकच ओळ लिहिली: यात मदत कोणास झाली, त्यांस की तुला? “त्या रात्री मला रडू आलं फादर,” ती म्हणाली. “पण तेव्हापासून मी शिकू लागले.”

वाचकांपैकी पुष्कळांस वाटत असेल, आम्हांसही वाटत होते, की समाजसेवा शिकण्यास शाळा कशास पाहिजे? अंतःकरण असले म्हणजे झाले. तरी या शिक्षणास आपल्या देशात बरीच वर्षे लोटली आहेत. मुंबईस सर दोराबजी टाटांच्या नावाने अशी पहिली शाळा १९३६ साली निघाली. इंदूरासही १९५१ पासून हे शिक्षण मिळते. मुलीने आम्हांस एका पुस्तकाविषयी सांगितले. ते फेलिक्स बीस्टेक नावाच्या अमेरिकेतील येशूसंघीय धर्मगुरूने १९५७ साली लिहिले, आणि समाजकार्याचे विद्यार्थी त्यातील सात तत्त्वे आजही शिकतात. प्रत्येक माणूस स्वतंत्र आहे असे धरून चालावे. त्यास मन मोकळे करू द्यावे. आपण त्याच्या दुःखात सहभागी व्हावे, पण वाहून जाऊ नये. तो जसा आहे तसा त्यास स्वीकारावे. त्याचा न्याय करू नये. निर्णय त्याचा त्यास घेऊ द्यावा. आणि त्याची गोष्ट पोटात ठेवावी. ऐकता ऐकता आम्हांस आमच्या पापनिवेदनाच्या खुर्चीची आठवण झाली. सहावे तत्त्व आपण धर्मगुरू किती वेळा पाळतो, हाही प्रश्न मनात आल्यावाचून राहिला नाही. एका मुलीचा निर्णय बदलण्यासाठीच तर आम्ही एवढ्या दूर आलो होतो.

“उद्या मी उदयनगरला जाणार आहे. आपणही या,” ती म्हणाली.

उदयनगर हे देवास जिल्ह्यातील विंध्याच्या रांगांमधले गाव. सकाळच्या बसने आम्ही निघालो. प्रथम सपाट शेते, मग चढउतार, मग साग आणि त्याची मोठाली वाळली पाने. मधूनच पळस असा फुललेला, की जांबोटीच्या घाटात शिमग्याच्या सुमारास दिसतो तसा. बसमध्ये भिलाला आणि बारेला लोकांची गर्दी होती. उदयनगर काहीसे दूर असताना घाटातील एका वळणावर मुलीने हळूच बोट दाखविले. “नाचनबोर,” ती म्हणाली. आम्ही कपाळावर क्रूसाची खूण केली.

सिस्टर राणी मारिया ही केरळातील पुल्लुवळी गावची. जन्म २९ जानेवारी १९५४. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघात प्रवेश करून ती उत्तरेस आली. बिजनौर आणि सतना धर्मप्रांतांत काम करून १९९२ साली ती उदयनगरास आली. येथील आदिवासी शेतकऱ्याची स्थिती आपल्या खेड्यांतील वडीलधाऱ्यांस निराळी समजावून सांगावयास नको. पेरणीच्या तोंडावर बियाणे आणि पैसा सावकाराकडून घ्यावयाचा, उभे पीक त्याच्या नावाने लिहून द्यावयाचे, सुगीस भाव त्याने ठरवावयाचा, आणि उरलेले कर्ज पुढील सालावर चढवावयाचे. सिस्टरने लोकांस एकत्र केले, सरकारी योजना त्यांस समजावून दिल्या, बँकेचे कर्ज मिळविण्याची वाट दाखविली. त्यामुळे ज्यांचे नुकसान झाले ते वैरी झाले.

२५ फेब्रुवारी १९९५ रोजी ती केरळास जाण्यासाठी उदयनगरहून इंदूरच्या बसमध्ये बसली. नाचनबोरच्या टेकडीपाशी समंदर सिंह नावाच्या तरुणाने प्रवाशांच्या देखत तिला भोसकून मारले. तिच्या देहावर ५४ जखमा होत्या. ती तेव्हा ४१ वर्षांची होती. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरास ख्रिस्तसभेने तिला धन्यवादित म्हणून घोषित केले.

उदयनगरच्या चर्चमध्ये तिच्या अवशेषांपाशी आम्ही गुडघे टेकले. आम्ही त्या मुलीच्या आईसाठी प्रार्थना केली. मुलगी कशासाठी प्रार्थना करीत होती ते आम्ही विचारले नाही.

दुपारी तिच्याबरोबर आम्ही जवळच्या एका पाड्यात गेलो. तेथे स्त्रियांच्या बचतगटाची बैठक होती. नाबार्डने असे गट बँकेशी जोडण्याची योजना १९९२ सालीच आरंभिली. आज आपल्याही खेड्यांतून ते आहेत. महुआच्या झाडाखाली दहा-बारा बाया गोल करून बसल्या होत्या. मध्ये पत्र्याची पेटी. पेटीस कुलूप, आणि किल्ल्या निरनिराळ्या बायांकडे, म्हणजे एकटीस ती उघडता येऊ नये. जमा झालेले पैसे मोठ्याने मोजले गेले. एका म्हातारीने पासबुक काढले. आमच्या मुलीने मदत करावी म्हणून हात पुढे केला आणि एक आकडा वाचला. म्हातारीने पासबुक आपल्याकडे ओढून घेतले. “बेटी, ते काढलेले पैसे. जमा इकडच्या बाजूला असते,” ती म्हणाली. सगळ्या बाया हसल्या. मुलगीही हसली.

नंतर एकीने आपली ऋणपुस्तिका आणून दाखविली. मध्य प्रदेशात शेतकऱ्याची जमीन आणि त्यावरील कर्ज यांची नोंद असलेली ही सरकारी वही असते. तिच्यावाचून बँकेच्या दारात शेतकऱ्यास कोण विचारतो? ती वही त्या बाईने प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ठेवली होती. आपल्याकडे बायबल ठेवतात तितक्या जपणुकीने.

परतीच्या बसमध्ये मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “फादर, त्यांना माझी गरज नव्हती.”

“मग वाईट वाटले काय?” आम्ही विचारले.

“थोडं वाटलं. पण कामाचा शेवट हाच असायला हवा ना? आपण नसलो तरी चालायला हवं.” थोड्या वेळाने ती म्हणाली, “भीती मलाही वाटते फादर. बाबांना वाटतं मला वाटत नाही.”

आम्ही तिला आमचा निरोप सांगितला नाही. एवढेच सांगितले, की भीती लपवून ठेवावयाची गोष्ट नव्हे, ती बापास लिहावी. जेथे काम करशील तेथे एकटीने जाऊ नये, वडीलधाऱ्यांस आणि सहकाऱ्यांस विचारून चालावे. आणि बहुतेकांस मारेकरी भेटत नाही, त्यांस थकवा भेटतो आणि गर्व भेटतो, त्या दोहोंची तयारी ठेवावी. रात्री तिने ती तीन पाने बाजूस ठेवून अर्धे पान लिहिले. सेवेच्या प्रश्नाखाली तिने औषधाची चूक लिहिली होती. ध्येयाखाली लिहिले होते: लोकांस स्वतःचे पासबुक स्वतः वाचता यावे. तिसऱ्या प्रश्नाखाली: माझी मूल्ये मला अजून पुरती ठाऊक नाहीत; वेळ आली म्हणजे कळतील. आम्ही शुद्धलेखनास हात लावला नाही.

घरी परतल्यावर आम्ही प्रथम त्या शेतकऱ्याकडे गेलो. मुलगी बरोबर नाही हे पाहून त्याने काही विचारले नाही. चहा झाल्यावर आम्ही पाहिलेले सर्व सांगितले. उंबऱ्यात बसलेल्या आईने मध्येच विचारले, “त्या सिस्टरच्या आईचं काय झालं असेल, फादर?”

जे ठाऊक होते ते आम्ही सांगितले. समंदर सिंहास जन्मठेप झाली. सिस्टरची धाकटी बहीण सेल्मी पॉल, तीही धर्मभगिनी. २००२ साली तिने तुरुंगात जाऊन बहिणीच्या मारेकऱ्याच्या हातास राखी बांधली. घरच्यांनी त्यास क्षमा केली. २००६ साली तो सुटला, आणि पुढे केरळात त्या आईबापांच्या दारी गेला. त्यांनी त्यास घरात घेतले.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग बाप म्हणाला, “मी तेवढा मोठा नाही, फादर.”

आम्हीही नाही, असे आम्ही त्यास सांगितले. आणि मुलगीही तसेच म्हणते. तिने भीतीविषयी लिहिलेले पत्र आम्ही त्याच्या हाती दिले. ते त्याने वाचले, घडी घालून खिशात ठेवले, पुन्हा काढून वाचले.

वाचकहो, या आईबापांनी होकार दिला असे आम्ही लिहीत नाही, कारण तो अजून दिलेला नाही. आणि आम्ही तो मागितलाही नाही. आपली लेकरे भले करावयास निघाली म्हणजे पहिला दान आईबापांस द्यावा लागतो, आणि तो त्यांच्याकडून कोणी हिसकावून घेऊ नये. परंतु निघताना त्या शेतकऱ्याने अंगणापर्यंत येऊन विचारले, की पुण्यास इंदूरची गाडी किती वाजता लागते, आणि उदयनगरची बस सकाळी कोठून सुटते. भाताची कापणी झाली की तो आणि त्याची पत्नी स्वतः जाऊन पाहून येणार आहेत. पुण्यापलीकडे ती दोघे आजवर गेलेली नाहीत. त्यांच्या या प्रवासासाठी आपण सर्वांनी एक प्रार्थना करावी, एवढीच विनंती.