तडा गेलेली रॅकेट आणि ग्राहकाचा हक्क

माझी बॅडमिंटनची रॅकेट गटिंगसाठी वाशीतल्या एका दुकानात दिली होती. फ्रेमवर कमाल ताण २४ पाउंड छापलेला होता. मी पावतीवरही २४ लिहून घेतलं. पण कारागीर मुलाने मशीनवर २८ लावले आणि फ्रेमला तडा गेला. मालक म्हणाले, "रॅकेट जुनीच होती, मॅडम. गटिंगचे पैसे देऊ नका, झालं!"

मी आवाज चढवला नाही. पावती आणि फ्रेम शेजारी शेजारी ठेवली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पैसे घेऊन केलेल्या कामात हयगय झाली, तर ती सेवेतील त्रुटी ठरते. भरपाई मागता येते, १९१५ या हेल्पलाइनवर तक्रारही करता येते. हे शांतपणे सांगितलं. मालक नरमले, पण म्हणाले, "याच्या पगारातून कापतो." मुलगा मान खाली घालून उभा होता.

मी म्हटलं, "पावती दुकानाची आहे, त्याची नाही."

शेवटी मालकांनी स्वतःच्या खर्चाने नवी रॅकेट दिली.

मुलांनो, वस्तू दुरुस्तीला देताना पावतीवर काम नीट लिहून घ्या. हक्क जरूर मागा. पण त्याचा भार कोणावर पडतोय, तेही बघा.