समईच्या उजेडांत फॅरडे

वाचन ही एकांताची गोष्ट आहे, अशी आपणां सुशिक्षितांची समजूत होऊन बसली आहे. परंतु ही समजूत फार जुनी नव्हे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या घरांत श्रावणमासीं पोथी लागत असे. एक जण वाची, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून ओसरीच्या कडेपर्यंत सारें घर ऐके. वाचणारा एक, पण वाचन सर्वांचें! पुराणाला लावलेली ही रीत एखाद्या शास्त्रीय ग्रंथालाहि लावून पाहावी, असें आम्हां सात सोलापूरकरांच्या मनांत आलें. आणि मायकेल फॅरडे यांचें मेणबत्तीवरील प्रसिद्ध पुस्तक आम्हीं त्यासाठीं निवडलें.

हें पुस्तक म्हणजे वस्तुतः सहा व्याख्यानें होत. १८६० च्या नाताळांत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें फॅरडे यांनीं तीं मुलांपुढें देण्यास आरंभ केला, आणि १८६१ मध्यें विल्यम क्रुक्स यांनीं तीं संपादून छापलीं. विषय एकच : जळणारी मेणबत्ती. मेण कां वितळतें, वितळलेलें मेण वातींतून वर कसें चढतें, ज्योतीच्या पोटांत काय असतें, जळून गेलेलें मेण जातें कोठें, अशा एकेका पायरीनें व्याख्याता श्रोत्यांना रसायनशास्त्राच्या गाभाऱ्यांत नेऊन उभें करतो. तिथें पोंचल्यावर मगच ध्यानांत येतें, कीं आपण केवढा जिना चढून आलों!

आमची बैठक दर रविवारीं सायंकाळीं सोलापूरच्या पूर्व भागांत, एका विणकर कुटुंबाच्या घरीं भरे. आमच्या गांवाची बोली एक नाहीं. मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू या चारी भाषा येथें एकाच गल्लींत नांदतात. त्यामुळें एकानें इंग्रजी वाक्य वाचावें, दुसऱ्यानें त्याचें मराठी करावें, आणि मग तें कानडींत व तेलुगूंत उतरावें, असा क्रम पडला. तासाभरांत दोन पानें झालीं तर पुष्कळ. परंतु हा संथपणा फळाला आला. ‘वात’ या एका शब्दावर आम्ही अर्धा तास थांबलों, तेव्हां कानडी ‘बत्ती’ आणि तेलुगू ‘वत्ती’ या दोघी तिच्याच बहिणी निघाल्या. संस्कृत ‘वर्ति’ ही त्या तिघींची आई!

घराचे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतों, ते प्रारंभीं मंडळींत बसत नसत. दाराशीं स्टूल टाकून ते ऐकत. शाळा त्यांनीं लहानपणींच सोडलेली, सारा जन्म मागावर गेलेला. इंग्रजी पुस्तकाच्या वाचनांत आपलें काय काम, असें त्यांना वाटत असावें. आणि खरें सांगावयाचें तर आमच्यापैकीं कोणालाहि तें निराळें वाटत नव्हतें.

पहिल्या व्याख्यानांत फॅरडे वातीचें केशाकर्षण समजावून सांगतात. त्यासाठीं त्यांनीं दृष्टान्त घेतला आहे तो टॉवेलाचा. हात पुसतांना टॉवेल ज्या आकर्षणानें पाणी ओढून घेतो, त्याच आकर्षणानें वात मेण वर ओढते. निष्काळजी मुलांनीं पाण्याच्या भांड्याच्या कांठावर टाकलेला टॉवेल सारें पाणी शोषून जमिनीवर आणून सोडतो, हेंहि ते सांगतात. सोलापुरांत टॉवेलाचा उल्लेख म्हणजे कोल्हापुरांत गुळाचा! मंडळींत हंशा पिकला. तोंच दाराकडून आवाज आला, “पुस्तक खोटं नाही. पण कच्चा कापूस पाणी पीत नाही. तेल पितो.”

आम्ही थबकलों. आमच्यांतील एका निवृत्त शिक्षकांचें म्हणणें पडलें, कीं आपण फॅरडे समजून घेण्यासाठीं जमलों आहों. कापसाचा विचार पुढें केव्हां तरी करूं. त्यांची शिस्त अगदींच अस्थानीं नव्हती. प्रत्येक शंकेच्या मागें धांवणारी मंडळी ग्रंथ पुरा करीत नाहीं. परंतु अण्णांनीं वाद घातला नाहीं. ते उठले, आणि देव्हाऱ्यांतल्या वातींसाठीं ठेवलेल्या सरकी काढलेल्या कापसाचे दोन पुंजके, एक वाटी पाणी व एक वाटी गोडें तेल घेऊन आले. पाण्यावर ठेवलेला पुंजका बदकासारखा तरंगत राहिला. तेलांतला पाहतां पाहतां भिजून तळाशीं गेला. मग त्यांनीं कारण सांगितलें. कापसाच्या तंतूवर निसर्गतःच मेणाचा अत्यंत पातळ लेप असतो. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यांत सूत उकळून तो लेप काढल्यावांचून टॉवेल पाणी टिपीत नाहीं. कोऱ्या टॉवेलावर खळ राहिली असेल, तर तोहि पहिल्या धुण्यापर्यंत अंग पुसावयाच्या कामाचा नसतो. मात्र समईच्या वातीला हा सारा खटाटोप नको. कारण मेणाचें तेलाशीं वैर नाहीं.

फॅरडे यांचा नियम यानें खोटा ठरला नाहीं. उलट तो अधिक खोल झाला. बारीक फट मिळाली कीं कोणताहि द्रव वर चढतो असें नव्हे. त्या द्रवाचें आणि त्या तंतूचें जमलें पाहिजे. पुढल्या रविवारीं अण्णांचें स्टूल दाराशीं नव्हतें. ते सतरंजीवर बसले होते, आणि त्यांना जागा करून देणारे गृहस्थ तेच शिक्षक होते.

त्यानंतर आमच्या वाचनाची तऱ्हाच पालटली. ज्योतीवर धरलेल्या थंड भांड्यावर पाणी जमतें, तें ज्वलनांतून निर्माण झालेलें असतें, असें पुस्तकांत आलें. फॅरडे यांनीं त्या भांड्यांत बर्फ घातलें होतें. तेव्हां एका गृहिणीनें विचारलें, “उन्हाळ्यांत गार ताकाच्या पेल्यालाही घाम येतो, तो कुठल्या ज्योतीनं?” शंका बिनतोड होती. म्हणून आम्हीं बर्फ न घालतां, कोरडा स्वच्छ कांचेचा पेला ज्योतीवर क्षणभर उपडा धरला. आंतून धुकें धरलें, आणि कांच तापतांच तें विरून गेलें. हा प्रयोग कांहीं मोठा नव्हे. पण त्या दिवशीं मंडळींतील कोणीहि तें वाक्य केवळ छापलेलें आहे म्हणून मान्य केलें नाहीं. पोथी ऐकणारा हात जोडतो. येथें ऐकणाऱ्यानें हात उचलून विचारावें, एवढाच काय तो भेद.

आणि हा मार्ग फॅरडे यांना परका होता काय? लोहाराचा हा मुलगा चौदाव्या वर्षीं पुस्तकें बांधणाऱ्याकडे उमेदवार म्हणून राहिला, आणि बांधावयास आलेलीं पुस्तकें वाचून शिकला. जेन मार्सेट या बाईंचें रसायनावरील संवादरूप पुस्तक त्याला असेंच लाभलें. पुढें लंडनमध्यें ज्ञानाची आवड असलेल्या तरुणांच्या एका मंडळांत तो जाऊं लागला. त्याच मंडळांतील पांचसहा मित्र एकत्र बसून वाचीत आणि एकमेकांचे उच्चार व वाक्यरचना सुधारीत. १८१३ मध्यें रॉयल इन्स्टिट्यूशनचें दार त्याला उघडलें, तें हंफ्री डेव्ही यांच्या गुणग्राहकतेनें. पण त्या दारापर्यंतची वाट बरीचशी अशा सोबतींतून गेलेली होती.

आपल्याकडेहि ही वाट अगदीं अनोळखी नाहीं. चाळीसगांवाजवळच्या पाटण येथें शके ११२८ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ आदि ग्रंथांच्या अध्ययनासाठीं तेथें मठ स्थापिला, आणि निकुंभ घराण्याच्या सोइदेवानें त्याला दान दिलें. त्या लेखाच्या मराठी भागांत, चालू घाण्यांमागें पळी पळी तेल मठाला द्यावें, अशी तरतूद आहे. गणिताच्या त्या ग्रंथांतलें एक अक्षरहि कदाचित् त्या तेल्यांना उमगलें नसेल. तरी तेथील दिव्यांत त्यांच्याहि श्रमाचा स्नेह असे. मात्र पळीभर तेल देणाऱ्याला आंत बसवून त्याचें म्हणणेंहि ऐकावें, ही पुढची पायरी आपण चढावयाची आहे.

शेवटच्या व्याख्यानांत फॅरडे मेणबत्तीचें आणि मनुष्याचें नातें जोडतात. श्वासोच्छ्वास हें एक मंद ज्वलनच असून चोवीस तासांत मनुष्य सुमारें ७ औंस कार्बन जाळून हवेंत सोडतो, आणि तोच वायु वनस्पतींचें अन्न होतो, असें ते दाखवितात. वाचणारा थांबला तेव्हां अण्णा म्हणाले, “म्हणजे आपण सोडलेला श्वास कापसाच्या बोंडांत जातो.” पुस्तकांत कापसाचें नांव तेथें नाहीं. पण त्या वाक्याचें मराठी आम्हीं केलें होतें त्याहून हें चांगलें होतें, आणि तें आम्हीं तसेंच वहींत उतरून घेतलें.