इहिरीकडची पट्टी

दादांच्या जन्माची खरी तारीख घरात कुणालाच ठाऊक नव्हती. शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी आपल्या मनानं 1 जून लिहिलेली. आजी सांगायची, ‘पोलिस अ‍ॅक्शन झालं तवा ह्यो मांडीवर होता.’ म्हणजे सप्टेंबर 1948. आमच्या भागात त्या पिढीची वयं अशीच मोजत.

आमचं गाव अहमदपूर आणि कंधारच्या मधलं. निम्म्या सोयरिकी लातूर जिल्ह्यात, निम्म्या नांदेडात. रान अकरा एकर, सगळं कोरडवाहू. विहिरीखाली भिजणारं तेवढं दोन एकर. त्या तुकड्याला घरात ‘इहिरीकडची पट्टी’ म्हणायचे.

ही विहीर फुकट आलेली नव्हती. 1972 च्या दुष्काळात दादा आणि नवी नवरी असलेली माय, दोघं सडकेच्या कामावर खडी फोडायला होते. कामावर सुकडी मिळायची, रेशनला अमेरिकेहून आलेली लाल मिलो. त्या मिलोच्या भाकरीची चव मायच्या तोंडातून कधी गेली नाही. नाव काढलं तरी तोंड वाकडं करायची. दुष्काळ सरला आणि दादांनी पहिलं काम केलं ते विहिरीचं. ते खाली पहार मारायचे, माय वर मातीची पाटी ओढायची. तीन उन्हाळे गेले तेव्हा कुठं पाणी लागलं.

पेरणीला आमच्याकडं लाल कंधारी बैलांची जोडी, माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेतून आणलेली. दादा तिफण धरायचे आणि चाड्यावर मूठ सोडायचे. मागं बांधलेल्या नळीतून माय तुरीचे दाणे टाकायची. दादांची मूठ गावात नावाजलेली. उगवण झाल्यावर तास बघायला लोक बांधावर थांबायचे. कुठं दाट नाही, कुठं विरळ नाही. बाजारातून शेव आणली तरी धोतराच्या सोग्यातून तशीच सारखी वाटायचे. मी, धाकटा भाऊ आणि आक्का. आक्का पोरगी म्हणून तिचा घास कधी बारीक झाला नाही.

आक्काला औसा तालुक्यात दिलं होतं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसं झोपली होती. किल्लारी आणि आसपासची घरं दगडमातीची, वर माळवदाचा जाड थर. त्या भिंती आणि ती माती अंगावर येऊन हजारो माणसं गाडली गेली. त्यात आमचे दाजी गेले. आक्का आणि तिचं दीड वर्षाचं लेकरू चौकटीजवळ होते म्हणून वाचले. दादा मिळेल त्या वाहनानं, शेवटी पायी गेले आणि तिसऱ्या दिवशी दोघांना घेऊन आले. आल्यावर बोलले काहीच नाहीत. आठवडाभरात आमच्या घराच्या माळवदाची माती खोऱ्यानं खाली ओढली आणि वर पत्रे टाकले.

त्या सालची येळवस आली. आमच्या भागात मार्गशीर्ष अमावस्येला सगळं घरदार रानात असतं. कडब्याची कोप, आत चुन्याने रंगवलेले पाच पांडव, भज्जी, बाजरीचे उंडे, आंबिलीचा बिंदगा. भावकीतली माणसं जेवायला बसलेली. सगळ्यांच्या देखत दादा म्हणाले, ‘इहिरीकडची पट्टी आक्काच्या नावानं करलालोय.’

घास तोंडात तसेच राहिले. चुलते म्हणाले, ‘लेकीला लुगडं देत्यात, दादा. रान कोण देतंय?’

‘लुगडं वर्षात फाटतंय,’ दादा म्हणाले.

‘आन् दोन पोरं हायत की तुला. भिजतं रान तेवढंच हाय.’

‘म्हणून तर. कोरडं देऊन काय करलाली ती?’

माय पंगतीत भज्जी वाढत होती. ती एवढंच बोलली, ‘त्या इहिरीची माती म्या बी वढलीय.’ त्यावर कुणाला काही सुचलं नाही.

त्याच वर्षी, 1994 ला, महाराष्ट्रात लेकींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मापासून वाटा देणारा कायदा झाला. पण आधी लग्न झालेल्या लेकी त्यातून वगळलेल्या. भावकीला तेवढाच आधार मिळाला. कायदाच आक्काला देत नाही तर तुम्ही कामून देता, असं म्हणू लागली. दादांनी तालुक्याला जाऊन बक्षीसपत्र केलं, फेरफार लावून घेतला आणि सातबारा आक्काच्या हातात दिला. वर्षभर दोन घरांनी आमच्याकडचं जेवण बंद ठेवलं. पेरणीला इर्जिक आली नाही. त्या साली मागच्या नळीवर माय होती आणि चाड्यावर मूठ आक्काची. पहिल्या दिवशी तिची तासं वाकडीतिकडी गेली. दादा बैलांच्या कासऱ्याशी होते. त्यांनी मागं वळून बघितलं नाही.

पुढं सोयाबीन आलं. लातूरच्या मोंढ्यात भाव बरा मिळायचा म्हणून सगळ्यांनी ज्वारी सोडली. आक्कानं पट्टीतला निम्मा भाग ज्वारीला ठेवला. बैलांना कडबा आणि घराला भाकर लागते, हे तिला दादांनीच शिकवलेलं. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हा आमच्या विहिरीतही तळाला घागरभरच झिरपायचं. आक्का रात्री दोनला उठून ते शेंदायची. आधी जनावरं, मग माणसं.

पुढच्या पावसाळ्यात दादा गेले. तेराव्याला राहिलेल्या नऊ एकरांची गोष्ट निघाली. आम्ही दोघं भाऊ नोकरीपायी बाहेरगावी. 2005 ला देशाचा कायदा बदलला होता. लेकीचं लग्न कधी झालं हे आता कुणी विचारणार नव्हतं. तरी पाहुण्यांतले एक जण सहज म्हणाले, ‘आक्काला मिळालंय तिचं. हक्कसोडीवर सही घेऊन टाका, रिवाज हाय.’ आक्का भांडी घासत होती. हात थांबले नाहीत, पण आवाज थांबला. धाकट्यानं माझ्याकडं पाहिलं. त्याच्यावर घराचं कर्ज होतं, मला माहीत होतं.

तो म्हणाला, ‘दादांनी शेव वाटली तशीच वाटू.’

वारसाचा फेरफार झाला. नऊ एकरांवर आता चार नावं आहेत: माय, आक्का, मी आणि धाकटा. कसते आक्का. तिचा मुलगा ट्रॅक्टरनं पेरतो. बियाणं यंत्रातून सारखंच पडतं, तरी उगवणीनंतर आक्का तासातासानं फिरते आणि जिथं नांगा पडलाय तिथं हातानं दाणा टोबते.