आकार मे महिन्यातच ठरतो

सफरचंदं लहान राहिली की लोक ऑगस्टच्या कोरड्या हवेला बोल लावतात. माझ्या मते बोल लावायचाच तर तो मे महिन्याला लावावा. इथे मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या आसपास, परसातली झाडं मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात फुलतात. त्यानंतरचे चार-पाच आठवडे इवल्याशा फळात पेशींचं विभाजन चालू असतं. ते थांबलं की नव्या पेशी फारशा होत नाहीत, आहेत त्याच फुगत जातात. पंगतीत पानं किती मांडायची ते मे ठरवतो. जून ते सप्टेंबर नुसतं वाढप. त्या आठवड्यांत ऊब आणि ऊन मिळालं तर फळ झपाट्याने वाढीला लागतं. गारठा रेंगाळला तर मागे पडतं, आणि पुढे कितीही चांगला उन्हाळा लाभला तरी ती तूट पुरती भरून निघत नाही.

मात्र ऊब वेळेवर हवी. २०१२च्या मार्चमध्ये इथे भर उन्हाळ्यासारखी हवा पडली. झाडं महिनाभर आधीच जागी झाली आणि एप्रिलमधल्या गोठवणाऱ्या रात्रींनी राज्यातलं सुमारे ९० टक्के सफरचंदाचं पीक नेलं. पूर्ण उमललेलं फूल उणे २ अंश सेल्सिअसपर्यंत कसंबसं तग धरतं. उणे ४ला दहातली नऊ फुलं जातात. अशा रात्रीनंतर सकाळी मी चार-दोन फुलं नखाने उभी चिरून बघते. बाहेरून पाकळ्या शुभ्र, टवटवीत असतात, त्यांच्यावर विश्वास ठेवता येत नाही. आतला गाभा फिकट हिरवा असेल तर फूल जिवंत आहे, काळा पडला असेल तर संपलं. गुच्छातलं मधलं फूल सगळ्यांत आधी उमलतं आणि सगळ्यांत मोठं फळ बहुधा त्याचंच होतं. थंडीच्या तडाख्यात आधी सापडतं तेही तेच. मग बाजूच्या फुलांवर पीक येतं, पण आकाराला थोडं कमी.

थंडी-पावसात मधमाश्याही बाहेर पडत नाहीत. त्याची खूण फळ आडवं कापलं की दिसते. मधोमध पाच कप्पे असतात. परागण न झाल्याने ज्या बाजूचे कप्पे बियांवाचून रिकामे राहिले, ती बाजू चपटी राहते.

ग्रँड रॅपिड्सकडच्या मोठ्या बागांना लेक मिशिगनचा आधार आहे. तळ्याचं थंडगार पाणी वसंतात आसपासची हवा गार ठेवतं आणि फुलोरा लांबवतं. आमच्या परसाला तो आधार नाही, म्हणून उशिरा फुलणारं जुनं ‘नॉर्दर्न स्पाय’ मला फार प्रिय आहे.

हवा आपल्या हातात नाही, विरळणी आहे. जूनच्या सुरुवातीला फळं बोराएवढी असतानाच ती उरकावी लागते. पेशी होऊन गेल्यावर केलेल्या विरळणीचा आकाराला तेवढा उपयोग होत नाही. गुच्छात एकच फळ ठेवायचं, दोन फळांत जवळजवळ वीतभर अंतर. लगडलेल्या फांदीवर कात्री चालवणं जिवावर येतं, तरी मे गार गेला असेल तर मी एरवीपेक्षा जास्त फळं काढते. उरलेल्यांच्या वाट्याला तरी पुरेसं येऊ दे. पुढच्या वर्षीच्या फुलांचे डोळेही याच दिवसांत तयार होऊ लागतात. ओझं उतरलं नाही तर झाड पुढच्या वर्षी रुसतं. फक्त सलग ढगाळ दिवस आणि उबदार रात्री आल्या असतील तर मी कात्री थोडे दिवस बाजूला ठेवते. अशा हवेत झाड कमावतं कमी आणि खर्चतं जास्त, आणि मग आपणहून फळं गाळतं. ते काय टाकतंय ते आधी बघावं.

त्यानंतर सगळा भार पाण्यावर. दुपारच्या उन्हात पानं फळातलं पाणी ओढून घेतात आणि फळ किंचित आक्रसतं. रात्री पुन्हा भरतं. म्हणून कॅलिपरने मापं घ्यायची तर रोज सकाळी एकाच वेळी घ्यावीत. जुलैत माती कोरडी पडली की रात्रीची भरपाई अपुरी राहते आणि फळाची रोजची वाढ घटते. ‘एम ९’सारख्या बुटक्या खुंटावरच्या कलमांची मुळं उथळ असतात, त्यांना हे आधी जाणवतं. आळ्यात लाकडाच्या चिपांचं जाड आच्छादन घालून थोडं थोडं पण नियमित पाणी दिलेलं बरं. ताण पडून मग एकदम भरपूर पाणी मिळालं तर ‘गाला’ देठापाशी तडकतं.

आणि नुसत्या आकाराच्या मागे लागण्यातही अर्थ नाही. कमी फळं आणि मुबलक पाणी अशा वर्षी फळ फार मोठं होतं, पण त्याला कॅल्शियम पुरत नाही. सालीखाली तपकिरी, कडवट ठिपके धरतात. ‘हनीक्रिस्प’मध्ये ही खोड जास्त, आणि ठिपके बऱ्याचदा तोडणीनंतर, साठवणीत दिसू लागतात. म्हणून टपोरी हनीक्रिस्प मी नवरात्रात येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटून टाकते. तळघरात हिवाळ्यासाठी ठेवायला मुठीत मावतील अशी, घट्ट, मध्यम फळं निवडते.