पोटखराबा

राजापूर तालुक्यातल्या आमच्या सामाईक जमिनीच्या सातबाऱ्यावर एक शब्द वारंवार येतो : पोटखराबा. म्हणजे लागवडीस अयोग्य. हा शब्द जिच्यापुढे लिहिलेला आहे त्या जमिनीला गावात सडा म्हणतात. जांभ्याचे दूरवर पसरलेले पठार. वैशाखात तव्यासारखे तापणारे आणि भाद्रपदात इवल्या निळ्या-पिवळ्या फुलांनी असे भरून जाणारे, की पाऊल कोठे ठेवावे कळू नये. महसूल खात्याने फुले मोजली नाहीत हे समजण्यासारखे आहे. पण त्याने गवतही मोजले नाही. त्या गवतावर गावची गुरे जगत आणि गोठे शाकारले जात. कातळाच्या भेगांतून मुरलेले पाणी पायथ्याच्या विहिरींना उतरे, त्यालाही कोणता रकाना नव्हता.

कोकणात मोठा प्रकल्प आणू पाहणाऱ्यांना हा सडा नेहमीच रिकामा दिसत आला आहे. समुद्र जवळ, वस्ती विरळ, जमीन पडीक. गुहागरला एन्रॉन आला तो 1990 नंतरच्या दशकात, आणि 2001 साली बंदही पडला. माडबन-जैतापूरला 9,900 मेगावॅटचा अणुप्रकल्प योजला गेला. 2017 साली नाणारला वर्षाला सहा कोटी टन तेल शुद्ध करणारी रिफायनरी जाहीर झाली; 2019 मध्ये ती तेथून हटली, आणि 2022 च्या जानेवारीत राज्य सरकारने केंद्राला बारसूची जागा सुचवली. योगायोग असा, की त्याच वर्षी कोकणातल्या कातळशिल्पांची नऊ ठिकाणे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आणि त्यांत बारसू होते. दोन वाघांच्या मध्ये उभा असलेला माणूस हजारो वर्षांपूर्वी कोणी त्या कातळात कोरून ठेवला आहे. ज्या जागी काहीच नाही असे एका कागदाने म्हटले, तीच जागा दुसऱ्या कागदाने मानवजातीचा वारसा ठरवण्यासाठी पुढे केली.

‘सरकार विरुद्ध गावकरी’ अशी या वादाची मांडणी वर्तमानपत्रांना सोयीची वाटते. आम्हां मुंबईतल्या भावंडांना ती पटत नाही, कारण हा वाद आमच्या एकाच घरात चार प्रकारे चालतो.

गावी राहणारे आमचे काका कलमवाले. त्यांच्या मते रिफायनरी आली की हापूसचा मोहोर जळणार, आणि मोहोर गेला की गाव गेला. त्यांच्या भीतीला आम्ही खोटी म्हणणार नाही. परंतु 1990 मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली, तेव्हा याच कातळात सुरुंग लावून खड्डे पाडले गेले, बाहेरून माती आणून ते भरले गेले, आणि गुरांचे कुरण कुंपणात गेले. त्या वेळी गुराखी कुरकुरले. त्यांचे कोणी ऐकले नाही. कलमांनी काकांच्या मुलींची लग्ने केली, घरावर मंगलोरी कौले आणली. तोही विकासच होता आणि त्याचेही कोणालातरी मोल द्यावे लागले. चिरेखाणींबद्दल तर बोलायलाच नको; सडा चौकोनी तुकडे करून ट्रकमधून जातो, आणि खाणीला जागा देणारेही गावचेच असतात.

खाडीवरच्या मच्छीमारांची गोष्ट आणखी निराळी. जैतापूरच्या जमिनीचा मोबदला वाढत वाढत 2013 साली हेक्टरी साडेबावीस लाखांवर गेला, आणि अनेक जमीनमालकांचा विरोध सैल झाला. साखरी नाट्याच्या मच्छीमारांना त्या आकड्याचा काय उपयोग? समुद्राचा सातबारा निघत नाही. प्रकल्पातून बाहेर पडणाऱ्या कोमट पाण्याने मासळी दूर जाईल ही त्यांची धास्ती होती. एप्रिल 2011 मध्ये पोलिसांच्या गोळीबारात एक माणूस गेला, तो याच गावचा होता. बाजारभाव काढून तंटा मिटतो असे मानणाऱ्यांनी हे प्रकरण सावकाश वाचावे.

आमचा चुलत पुतण्या आयटीआय करून लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत फिटर आहे. तेथील सांडपाण्यावरून दाभोळ खाडीतल्या मच्छीमारांची किती वर्षांची तक्रार आहे हे त्याला आमच्यापेक्षा चांगले ठाऊक; तो ते रोज नाकाने अनुभवतो. तरीही त्याला रिफायनरी हवी होती. आमच्यातला थोरला एकदा त्याला निसर्गाविषयी काही सांगू लागला, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “काका, आजोबा गिरणीत गेले तेव्हा त्यांना कुणी कोकण वाचवायला सांगितलं नव्हतं. मलाच का सांगता?”

उत्तर आमच्यापाशी नव्हते. 2001 ते 2011 या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या वाढली नाही, घटली. सुमारे सतरा लाखांवरून सव्वासोळा लाखांच्याही खाली आली. हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया हा आकडा स्त्रीसन्मानाची खूण म्हणून कोणी वाचू नये. घरातला पुरुष मुंबईला आहे, एवढाच त्याचा अर्थ. चाकरमान्याला गाव जसेच्या तसे हवे असते : मे महिन्यात सावली, गणपतीत आरती, शिमग्याला पालखी. मुंबईत आम्ही लिफ्टच्या इमारतीत राहतो आणि गावच्या घरावर पत्रा घातला तर हळहळतो. ही हळहळ खोटी नसते, पण तिच्यावर कोणाचे पोट भरत नाही.

त्या पुतण्याची आई, म्हणजे आमची वहिनी, एप्रिल 2023 मध्ये बारसूला माती परीक्षण सुरू झाले तेव्हा इतर बायकांबरोबर भर उन्हात रस्त्यावर आडवी झाली होती. तिच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही. प्रकल्प झाला असता तर चेक तिच्या हाती पडला नसता, आणि झाला नाही म्हणून तिचे काही वाचले असेही कोणत्या दप्तरात दिसणार नाही. मुलाला नोकरी मिळाली असती ना, असे विचारल्यावर ती म्हणाली, “मिळाली असती तर त्याने राहायचे कुठे? घर तर त्यातच जात होते.” ज्यांनी प्रकल्पाचे अहवाल लिहिले त्यांच्यापैकी कोणी हा साधा क्रम तिला विचारला असेल असे आम्हांला वाटत नाही.

हे लिहीत असेपर्यंत बारसूला रिफायनरी उभी राहिलेली नाही. पुतण्या लोट्यालाच आहे, भाड्याच्या खोलीत. काकांनी गुरे विकली. गवत कापायला माणूस मिळेना, म्हणून वहिनीने यंदा सड्यावरचे गवत तसेच उभे ठेवले.