ब्रेव्ह न्यू सोलापूर!

महिन्याचा पहिला शनिवार म्हणजे आमचा बुक क्लब. नाव भारी असलं तरी प्रत्यक्षात पुण्यातले आम्ही पाच-सहाजण, कोल्ड कॉफी, ग्रिल्ड सँडविच आणि बॉसच्या नावाने शिमगा! मी फ्रीलान्सर. मला बॉस नाही, त्यामुळे पुस्तक वाचून येण्याची जबाबदारी बहुतेक वेळा माझ्यावरच येते.

या वेळी होती आल्डस हक्सलेची ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’. १९३२ सालची कादंबरी. मास कॉमला असताना परीक्षेपुरती चाळली होती, नीट वाचली आत्ताच. गोष्ट भविष्यातल्या लंडनमधली. तिथे माणसं जन्माला येत नाहीत, बाटल्यांमध्ये तयार होतात. कोण अल्फा, कोण बीटा आणि कोण अगदी तळाचा एप्सिलॉन, हे बाटलीतच ठरतं. अल्फांना करड्या रंगाचे कपडे, डेल्टांना खाकी. आठ महिन्यांच्या डेल्टा बाळांसमोर रंगीत पुस्तकं आणि फुलं ठेवतात, ती रांगत जवळ आली की विजेचा झटका देतात. जन्मभर पुस्तकाला हात लावणार नाहीत! रात्री मुलं झोपली की उशीखालून तीच ती वाक्यं कानात पडत राहतात. आणि एवढं करूनही कोणी उदास झालंच, तर ‘सोमा’ नावाची गोळी आहेच. शब्द आपल्या वेदांतला, बरं का!

चर्चा मस्त रंगली. ऑफिसातली वेगवेगळ्या रंगांची आयडी कार्डं, अप्रेझलचे ग्रेड, मोबाइल हाच आपला सोमा... सगळं निघालं. शेवटी कुणीतरी म्हणालं, ‘यार, हे आपल्याकडे झालं तर?’ सगळ्यांनी ‘बापरे’ म्हटलं. मीही म्हटलं. मग बिल भागवलं आणि मी संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडली. आईकडे जायचं होतं, सोलापूरला.

गाडीत पुन्हा पुस्तक उघडलं. त्यात एक भाग आहे, जिथे या चकाचक जगात न बसणारी माणसं ठेवलेली असतात. चारही बाजूंनी विजेच्या तारेचं कुंपण. आत जन्मलेल्याने आतच मरायचं. हे वाचताना एकदम डोक्यात आलं, अशी तार आपल्या गावात होती की! आणि मी मघाशी ‘बापरे’ काय म्हणत होते?

सोलापूरकराला ‘सेटलमेंट’ म्हटलं की पत्ता सांगावा लागत नाही. रिक्षावाला सरळ मीटर टाकतो. पण ते नाव आलं कुठून, हे आमच्यापैकी किती जणांना माहीत असतं? १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. पुढे १९११ आणि १९२४ मध्ये तो आणखी आवळला. एखादी जमातच्या जमात ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर करायची. त्या घरात मूल जन्मलं की तेही संशयित. त्याने अजून काही केलेलं नसलं तरी! कैकाडी, टकारी, पारधी, कंजारभाट अशा कितीतरी जमातींवर हा शिक्का बसला. त्यांना सोलापुरात तारेच्या कुंपणात आणून वसवलं. रोज हजेरी. बाहेर जायला पास. कामाला गिरण्या होत्याच, गिरणगावाला हात हवेच होते. सहा ते अठरा वयाच्या मुलांना आईबापांपासून तोडून वेगळं ठेवायची मुभाही कायद्यात होती. वागणूक ‘सुधारली’, तर कुंपणाबाहेरच्या वस्तीत घर. तिचं नाव काय, तर ‘फ्री कॉलनी’! हे नाव हक्सलेलाही सुचलं नसतं. आज आपण ते कुरिअरच्या पत्त्यावर बिनधास्त लिहितो.

म्हणजे १९३२ मध्ये लंडनमध्ये ही कादंबरी वाचून लोक हादरत होते, तेव्हा सोलापुरात ती चालू होती. बाटल्यांशिवाय! स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये मुंबई प्रांताने हा कायदा रद्द केला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभरातून गेला. त्या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. १९६० मध्ये पंडित नेहरू आले आणि त्यांच्या हातून तार तुटली, ही आठवण सोलापुरात अजून सांगतात.

तार तुटली हे खरं. पण मी जन्मले ती त्यानंतर कितीतरी वर्षांनी. तरी माझ्या कानात ती वाक्यं आली कुठून?

आली आजीकडून. माझी आजी प्रेमळ होती. रात्री कुशीत घेऊन गोष्टी सांगायची आणि मधेच म्हणायची, ‘सेटलमेंटच्या पोरांत खेळायचं नाही हं, हात चलाख असतात त्यांचे.’ रोज. झोप लागेपर्यंत. हक्सलेच्या उशीखालच्या यंत्राचा आवाज कसा असेल, हे मला कल्पनेने ठरवावं लागलं नाही. ‘भामटा’ हा शब्द तर आपण सगळेच लुच्च्या माणसासाठी सर्रास वापरतो. ते एका जमातीचं नाव आहे, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

सहावीत माझ्या बाकावर सेटलमेंटमधली एक मुलगी बसायची. मधल्या सुट्टीत आमचा डबा एकत्र. तिच्याकडची शेंगाचटणी आमच्या घरच्यापेक्षा भारी असायची. एकदा टेबलावरचे सहलीचे पैसे गेले. सरांनी कुणालाही काही न विचारता पहिलं दप्तर उघडलं ते तिचं. वह्या, कंपासपेटी, डबा, सगळं फरशीवर. ती पूर्ण सुट्टीभर माझ्याबरोबर पटांगणात होती, हे मला माहीत होतं. मी उभी राहिले नाही. खाली मान घालून बसले. अर्ध्या तासाने पैसे सापडले हजेरीपटात, सरांनी स्वतःच ठेवलेले. तिला ‘सॉरी’ कुणीच म्हणालं नाही. मीही नाही.

हक्सलेची कादंबरी वाचताना आपण नेहमी तारेच्या आतल्या माणसांची कीव करतो. पण घडवलं जातं ते बाहेरच्यांनाही. मला घडवलं होतं की! आणि झटकाबिटका न देता, मऊ गोधडीत.

त्या रविवारी मी तिला फोन केला. ती आता एका बँकेत आहे, कर्ज विभागात. मी आडून आडून विचारलं, ‘सहावीतलं ते सहलीच्या पैशांचं... आठवतंय का गं तुला?’

‘आठवायला आधी विसरावं लागतं की,’ ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, ‘सरांचं सोड. आमच्या आजोबांनी गिरणीतून रात्रपाळी करून येऊन हजेऱ्या दिल्यात, आम्हाला सवय होती. पण तू बरोबर होतीस ना गं? एवढं जरी बोलली असतीस...’

मी माफी मागितली. पंधरा-सोळा वर्षं उशीर. तिने ‘असू दे’ म्हटलं नाही आणि ते मला बरं वाटलं. मग म्हणाली, ‘शेंगाचटणी नेतेस का पुण्याला? ये घरी.’

गेले. फ्री कॉलनीत, आयुष्यात पहिल्यांदा. आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटं!

पुढच्या महिन्यात बुक क्लबला लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ आहे. १९८७ चं पुस्तक, १९८८ चं साहित्य अकादमी. मीच सुचवलं. ती येणार आहे, सकाळच्या हुतात्माने. आणि सहावीतला तो किस्सा मी सांगायचा, तिने नाही, असं आमचं ठरलंय. या वेळी मी उभी राहून सांगणार आहे.