बेचाळीसच्या जागी एकोणचाळीस

पावसाळा संपत आला तेव्हा माझ्या जुन्या रोड बाइकची चेन सटकायला लागली. सपाट रस्त्यावर काही जाणवायचं नाही. पवईकडे जाताना चढ लागला आणि उभं राहून पॅडल मारलं की खट्ट आवाज यायचा आणि पाय मोकळाच खाली जायचा. मागून रिक्षा येत असली की पोटात गोळा यायचा.

आधी चेन मोजली. चेनच्या दोन पिनांमध्ये अर्धा इंच अंतर असतं, म्हणजे २४ अंतरांचे बरोबर १२ इंच व्हायला हवेत. माझी चेन १२ इंचांवर एक सूत गेली होती. कुर्ल्यात एलबीएस मार्गावरची खडी आणि काळा चिखल चार महिने खाल्ल्यावर दुसरं काय होणार. नवी चेन टाकली, तर सटकणं आणखी वाढलं. पण फक्त पुढच्या लहान चेनव्हीलवर. मोठ्यावर चेन गुपचूप चालत होती. लहानाचे दाते नीट पाहिले तर ते कोयत्याच्या टोकासारखे एका बाजूला झुकले होते. ताणलेली जुनी चेन झिजलेल्या दात्यांवर कशीबशी बसत होती, नवी बसेना.

घराजवळच्या दुकानात सांगितलं, पूर्ण सेट बदला. तिथे येणाऱ्या बहुतेक गिअरच्या सायकलींना ते खरंच लागू आहे. त्यांची चेनव्हील्स क्रँकला रिव्हेटने ठोकलेली असतात, एक वेगळं काढता येत नाही. माझ्या क्रँकला मात्र पाच बोल्ट आहेत. शिवाय नवा सेट घेतला की त्याला जुळणारा बॉटम ब्रॅकेटचा अ‍ॅक्सलही लागू शकतो, म्हणजे खर्चावर खर्च. आणि खरं सांगायचं तर तो जुना शिमानोचा क्रँक मला काढायचाच नव्हता.

मग गल्लीच्या टोकाला बसणाऱ्या चाचांकडे गेलो. त्यांनी क्रँक उलटा फिरवून पाहिला. "अंदरवाला गया है, बाहर का अभी चलेगा. पहले नाप लो."

माप असं घ्यायचं. शेजारशेजारच्या दोन बोल्टांचं मधोमध ते मधोमध अंतर घ्यायचं. मध्य सापडत नसेल तर एका भोकाच्या डाव्या कडेपासून पुढच्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंत मोजायचं, तेवढंच येतं. पाच बोल्ट असतील तर त्याला १.७ ने गुणायचं. माझं ७६ मिलिमीटरच्या थोडं वर आलं, म्हणजे बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास १३०. ६५ च्या आसपास आलं तर ११० चं. हे दोन आकडे एकमेकांना चालत नाहीत.

माझं आतलं चेनव्हील ४२ दात्यांचं होतं. काळबादेवी रस्त्यावरच्या सायकलच्या दुकानांत जुनं चेनव्हील पिशवीत घेऊन फिरलो. ४२ मिळेना. ३९ मिळत होतं, कारण रोड बाइकला ५३-३९ ही जोडी बरीच वर्षं चालली. १३० च्या वर्तुळावर ३८ पर्यंत खाली जाता येतं, त्यामुळे ३९ बसणार हे नक्की होतं. वर गिअर साधारण ७ टक्के हलका होणार, चढावर फायदाच.

नामांकित कंपनीचं महाग होतं. एक वापरलेलं स्वस्त होतं, पण त्याचेही दाते झुकू लागले होते. शेवटी साधं अ‍ॅल्युमिनियमचं घेतलं. बाहेरच्या चेनव्हीलवर चेन वर चढवायला छोट्या पिना आणि खाचा असतात, तिथे चांगल्या मालाचे पैसे वसूल होतात. आतल्याला ते काम नसतं. दाते सरळ आणि माप बरोबर असलं की झालं.

बसवताना एका बोल्टाने दम काढला. पुढून ५ ची एलन-की फिरवली की मागचं नटही सोबत फिरायचं. चाचांकडे त्या नटाच्या खाचेत बसणारा चपटा पाना होता, तो लावल्यावर सुटला. नव्या चेनव्हीलवरचा छोटा उंचवटा क्रँकच्या हाताच्या रेषेत ठेवला, बोल्टांना ग्रीस लावलं आणि समोरासमोरचे थोडे थोडे करत आवळले. पुढचा डिरेलर मोठ्या चेनव्हीलप्रमाणे लावलेला असतो, त्याला हात लावावा लागला नाही. पुढे लहान आणि मागे सर्वांत लहान गिअर टाकून चेन लोंबत नाही ना, तेवढं पाहिलं.

पहिल्याच चढावर उभं राहून पॅडल मारायला थोडा घाबरलोच. चेन सटकली नाही.

आता चेन अर्धा सूत वाढली की लगेच बदलतो. चेन सगळ्यात स्वस्त, आणि ती वेळेवर बदलली की चेनव्हील शोधत काळबादेवीला जावं लागत नाही. जावंच लागलं तर जुनं चेनव्हील सोबत न्या. दुकानदाराला तोंडी माप सांगण्यापेक्षा ते त्याच्या हातात दिलेलं बरं.